दोनदा चुकणारं केंद्र

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात ढेरंगे आप्पांनी मला पकडलं. त्या दिवशी मी लवकर आलो होतो, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि "आप्पा, तब्येत कशी आहे?" असंही विचारलं होतं. आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "शनवारची रजा पायजे ना? पोरगी बघायला चाललाय." दोन्ही खरं होतं. "सुटं बघायचं न्हाई," आप्पा म्हणाले, "जोडून बघायचं."

संगमनेरच्या आमच्या दूध संघात आप्पा आणि मी एकाच खोलीत बसतो. गावोगावच्या संकलन केंद्रांचे सचिव सकाळी पासवर्ड टाकून दुधाच्या नोंदी आमच्याकडे पाठवतात. त्यात कुणी चोर शिरू नये म्हणून संघानं एक यंत्रणा आणली आहे. तिचं डोकं आप्पांसारखंच चालतं. नुसता पासवर्ड चुकला तर ती पिवळी रेघ दाखवून गप्प बसते. पण चुकलेला पासवर्ड, अनोळखी मोबाईल आणि भलती वेळ हे सगळं पाच मिनिटांत जुळून आलं, की पडद्यावर लाल पट्टी. मग जवळच्या शीतकेंद्राची जीप तपासायला थेट गावात जाते. तीनदा पासवर्ड चुकला तर खातंच बंद पडतं, आणि आप्पांनी स्वतः फोन करून, आवाज ओळखून ते उघडायचं असतं. या पडद्यासमोर कुणाला बसवायचं यावर संघात चर्चासुद्धा झाली नव्हती.

पण आप्पांचा संशय पडद्यापुरता थोडाच राहतो! चहावाल्यानं कप काठोकाठ भरला की हे विचारणार, "आज लई सढळ हात? दूध कालचं हाय काय?" एकदा अध्यक्षांचं खातं दहा मिनिटांच्या अंतरानं संगमनेरात आणि जामखेडात उघडलं. आप्पांनी ते भर सभेत बंद पाडलं. "मानूस एका टायमाला दोन गावात? देव हाय का?" देव नव्हता, पासवर्ड अध्यक्षांच्या भाच्याकडेही होता एवढंच. पण सभेत शोभा व्हायची ती झाली. मॅनेजरांनी बजावलं, "आप्पा, आणखी एक खोटी लाल पट्टी, की तुमची बदली कॅन धुण्यावर."

असा हा माणूस एका केंद्राला मात्र सूट देत होता. पठारावरचं ते केंद्र रोज सकाळी दोनदा पासवर्ड चुकायचं आणि तिसऱ्यांदा बरोबर टाकायचं. दुसरं कुणी दोनदा चुकलं तर आप्पा त्याची कुंडली काढत. इथं नुसतं बघत बसत आणि मगच पहिला चहा घेत. सचिवाचं नाव नामदेव ढेरंगे. मीही जोडून बघितलं. आडनाव तेच, सूट एकट्यालाच, आणि विचारलं की आप्पा विषय बदलतात. नक्की काहीतरी शिजत होतं. मी आप्पांवरच डोळा ठेवू लागलो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्या केंद्राचा पासवर्ड पहिल्याच फटक्यात बरोबर आला. पडदा हिरवागार. आप्पा ताडकन उभे राहिले.

"घात हाय."

"आप्पा, बरोबर पासवर्ड टाकणं हा गुन्हा आहे का?"

"जोडून बघा. परवा त्यानं एकच नोंद दोनदा केली. काल अर्धा तास उशीर. आन् आज ही शिस्त! खुर्चीत दुसरं कुनीतरी हाय." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "तुमी लावा. माझं नाव घिऊ नका."

मी स्पीकरवर फोन लावला. नामदेवरावांच्या सुनेनं उचलला. "मामंजींच्या छातीत दुखतंय, घाम सुटलाय. पित्त आसंल म्हून निजल्यात. टँकर यायचा हुता, म्हून पासवर्ड मीच टाकला. आमचे मालक गाय बघायला काष्टीच्या बाजाराला गेल्यात, घरी गाडी बी न्हाई."

मी फोन ठेवायच्या आत आप्पांनी स्वतःच्या हातानं लाल पट्टी लावली आणि जीपवाल्याला सांगितलं, "तपासनी ऱ्हाऊ द्या. मानूस उचला आन् दवाखान्यात आना."

"आप्पा, कॅन!" मी ओरडलो.

"धुईन," आप्पा म्हणाले.

मग दवाखान्यातून निरोप येईपर्यंत ते पहिल्यांदाच सुटं सुटं बोलले. नामदेव त्यांचा थोरला भाऊ. पूर्वी आप्पा गावच्या केंद्रावर दूध तपासायचे. भावाचं दूध दोन दिवस पातळ लागलं, तिसऱ्या दिवशी भाऊ कॅन घेऊन नळापाशी दिसला. आप्पांनी जोडून बघितलं आणि भरल्या रांगेसमोर भावाचं दूध ओतून दिलं. महिन्याभरानं कळलं, दुधाचा दाटपणा मोजायची काचच बिघडली होती. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

"माफी मागायची हुती," आप्पा म्हणाले. "त्वांड न्हाई झालं."

नामदेवराव वाचले. वेळेत आणलं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. मॅनेजरांनी तयार केलेली नोटीस खिशातच ठेवली. मी भेटायला गेलो तेव्हा आप्पा दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले आणि तिथंच थांबले. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

खाटेवरच्या नामदेवरावांना मी सहज म्हटलं, "आता पासवर्ड कुठंतरी लिहून ठेवा."

"इसरतोय व्हय मी? आमच्या आईचं नाव हाय ते." म्हातारा हसला. "दोनदा चुकलं की धाकल्याच्या म्होरं पिवळी रेघ येती म्हनत्यात. तेवढंच त्याला कळावं, मी हाय."

दीड महिन्यानं एका सकाळी त्या केंद्रावरून पिवळी रेघ आली. मग दुसरी. मग पासवर्ड बरोबर. आप्पांनी चहाचा कप उचलला, तेव्हा मी त्यांना म्हाताऱ्याचं बोलणं सांगून टाकलं. जगातलं सगळं जोडून बघणाऱ्या या माणसानं एवढं एक जोडलं नव्हतं. कप हातातच राहिला.

"त्याला निरोप द्या," ते म्हणाले. "म्हनावं, उद्या तिसऱ्यांदाबी चूक."