चीफ साहेबांनी पांढरी गाडी सर केली त्याची हकीकत

श्री दर्या समर्थ. बातांगास प्रांती, समुद्राचे काठी, बावान म्हणून कसबा आहे, तेथे पांढऱ्या गाडीची मोहीम कैसी उभी राहिली, कोणाची शिकस्त जाहली आणि अखेर फत्ते कोणत्या दिवशी पावली, हा मजकूर बयाजवार लिहून ठेवावा ऐसी कित्येकांची मर्जी पडली. त्यावरून लिहिले आहे. डोळां देखिले ते देखिल्याप्रमाणे लिहिले. जेथे आम्ही हजर नव्हतो तेथे बंदरावरील मासळीवाल्या बायकांची साक्ष घेतली, ज्या खोटे बोलत नाहीत, निदान एकमेकींसमोर बोलत नाहीत.

तर कसबे मजकुरी क्रिसान्तो मालाबानान म्हणून बहुत कर्तबगार गृहस्थ. घरात त्यांस सांतो म्हणत आणि गावात चीफ म्हणत, कारण की एकतीस वर्षे त्यांनी मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनीअरीची सुभेदारी केली. सातही समुद्र पालथे घातले, परंतु समुद्र पाहिला थोडाच. दर्या वरते आणि हे खालते, यंत्रांचे तळघरात. नुसता आवाज ऐकून कोणते इंजिन रुसले आणि कशावरून रुसले हे सांगावे, ऐसा त्यांचा लौकिक. मग वयाचे अठ्ठावन्नावे वर्षी चाकरी पुरी करून, पेट्या बांधून, ते स्वदेशी परतले.

परंतु घरी अंमल होता बाईसाहेबांचा. लिओनोरा त्यांचे नाव, आणि सगळे त्यांस नोरिंग म्हणत. एकतीस वर्षे घर, छप्पर, म्हातारी आई, पाण्याची बिले आणि वादळे त्यांनी एकटीने सांभाळली होती, आणि कोणतीही वस्तू कोठे असावी याचा बंदोबस्त चोख होता. चीफ साहेबांनी पहिले आठवड्यात स्वयंपाकघरातील बरण्या उंचीप्रमाणे लाविल्या, त्यावर इतराजी जाहली. दुसरे आठवड्यात त्यांनी पाण्याचा चालता पंप दुरुस्तीस काढिला, आणि तीन दिवस घर कोरडे राहिले. तेव्हा फर्मान सुटले ते ऐसे:

"सांतो, तू बाहेर व्हरांड्यात बस. कॉफी तिथं आणून देते. कशाला हात लावू नकोस."

व्हरांड्यात बसून चीफ साहेबांनी विचार केला, की ज्याचे हाताखाली नऊ हजार घोड्यांचे बळ होते, त्याचे हाती आज कॉफीचा पेला राहिला, तोही दुसऱ्याने दिलेला. बहुत वाईट वाटले. आणि मग मनात मसलत ठरली की गाडी घ्यावी. लहान नको, की गुडघे कानाशी यावे. फार मोठीही नको, की गल्लीत शिरेना. मध्यम शरीराची, उंच बैठकीची, सात आसनांची, डिझेल पिणारी आणि हाताने गिअर टाकण्याची, म्हणजे चालविणारास आपण काही करतो आहो ऐसे वाटावे.

त्याउपरि उभयतां लिपा शहरी शोरूमवर चालून गेले. तेथे रोचेल म्हणून एक चतुर मुलगी विक्रीचे कामी तैनात होती. तिने पांढरी गाडी दाखविली, सात दिशांनी दारे उघडून दाखविली आणि चावी पुढे करून विनंती केली की हुजुरांनी एक फेरा मारून पाहावा. चीफ साहेबांनी चावी घेतली नाही. बॉनेट उघडविले, इंजिन सुरू करविले, डोळे मिटून, कान देऊन पळभर ऐकिले, आणि म्हणाले, "पुरे. चांगलं आहे. घरी पोचतं करा." रोचेल चकित जाहली. बाईसाहेबांनी फक्त चीफ साहेबांचे खिशात गेलेल्या हाताकडे पाहिले.

येथे एक मजकूर आम्हांस लपविता येत नाही. चीफ साहेबांस गाडी चालविता येत नव्हती. जहाजावर रस्ता नसतो. आणि रजेवर येत ते दोन महिने मेजवान्यांत आणि बारशांत सरत. यात लाजण्यासारखे काही नव्हते. परंतु मागे एके मेजवानीत, चार पेले जाहल्यावर, त्यांनी रॉटरडॅम शहरी बर्फातून ट्रक हाकल्याची हकीकत सांगितली होती, आणि ती इतकी रंगली की पुढे दरसाल मागणीवरून सांगावी लागली, आणि दरसाल ट्रकास दोन चाके वाढत गेली. त्या ट्रकाखाली आता चीफ साहेब स्वतःच सापडले होते.

गाडी दारी आली तेव्हा फाटक वीतभर अरुंद निघाले. मग एक खांब पाडिला, बोगनवेलीचा मोहरा मागे हटविला आणि शोरूमच्या माणसाने गाडी आत घेतली. फादर अनसेल्मो येऊन मंत्रजल शिंपडून गेले. याउपरि एकवीस दिवस गाडी जागची हलली नाही. चीफ साहेब प्रातःकाळी तीस स्नान घालीत, मऊ फडक्याने पुसीत, मग आत बसून, थंड हवा सोडून, माहितीपुस्तक वाचीत. आसनांवरचे प्लास्टिक काढू दिले नाही. पाहणारास वाटे की मोठी तयारी चालली आहे.

बाईसाहेबांचे थोरले बंधू हर्मोहेनेस, ज्यांस सगळे कुया मोहेंग म्हणत, म्हणजे मोहेंगदादा, हे चाळीस वर्षे सवारीची जीपनी, म्हणजे भाड्याची लांब जीप, हाकून निवृत्त जाहलेले. ते रोज तिसरे प्रहरी व्हरांड्यात येऊन बसत आणि गाडीकडे पाहत.

"काय रे सांतो, गाडी घेतलीस की देव्हारा मांडलास? रोज अंघोळ, रोज पुसणं. घंटा तेवढी राहिलीय."

"नवीन इंजिन आहे, कुया. मुरू द्यावं लागतं."

"लोणचं आहे का ते?"

आत खुर्चीत बाईसाहेबांच्या मातोश्री, इनाय सोलेदाद, वय वर्षे चौऱ्याऐंशी, जपमाळ ओढीत होत्या. त्यांनी माळ न थांबविता विचारले, "मला कधी बसवणार त्यात? मेल्यावर? तेव्हा माझी वेगळी गाडी येते न्यायला, लांब, काळी."

सगळे हसले. चीफ साहेबांचे कान तापले, आणि शूर पुरुषांचा जो प्रमाद इतिहासात वारंवार नमूद आहे तोच त्यांचे हातून घडला. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केले की येत्या रविवारी सकल कबिल्याने तागायतायच्या डोंगरावर चढावे, वरून तळे पाहावे, नळीच्या हाडांचा कढत रस्सा, ज्यास बुलालो म्हणतात, तो पोटभर प्यावा, आणि सारथ्य खुद्द आपण करावे. कुया मोहेंगनी शांतपणे विचारले, "तागायतायचा चढ माहीत आहे ना?" चीफ साहेब म्हणाले, "रॉटरडॅम बघितलेल्याला चढ सांगतोस?" रॉटरडॅमला चढ नाही, सपाट मुलूख आहे, परंतु हे त्या सभेत कोणासच ठाऊक नव्हते.

आता तीन दिवस राहिले. गुरुवारी दोन प्रहरी, भोजनोत्तर कसबा निजला असता, चीफ साहेब एकटेच चालून गेले. माहितीपुस्तक मांडीवर घेतले, क्लच दाबिला, गिअर टाकिला आणि क्लच सोडिला. पुस्तकात लिहिले होते की हळूहळू सोडावा. गाडीने पाठीमागे ऐसी उडी घेतली की मिरचीच्या सहा कुंड्या तत्काळ धारातीर्थी पडल्या, मग कोंबड्यांचे खुराडे आडवे जाहले, आणि सात कोंबड्या भिंत ओलांडून परमुलुखी गेल्या. मग गाडी आपोआप बंद पडली आणि बहुत शांतता जाहली.

बाईसाहेब ओल्या हातांनी बाहेर आल्या. कुंड्या पाहिल्या, खुराडे पाहिले. मग येऊन शेजारचे आसनावर बसल्या आणि दार लावून घेतले. चीफ साहेब समोर भिंतीकडे पाहत राहिले.

"नोरिंग, मला गाडी चालवता येत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्या रोचेलनं चावी पुढं केली तेव्हा तू हात खिशात घातलास, तेव्हापासून. आणि रॉटरडॅमच्या ट्रकाला गेल्या वर्षी अठरा चाकं होती, त्याच्या आधी सोळा."

चीफ साहेब हसले नाहीत. म्हणाले, "रविवारी काय करू? हात मुरगळला म्हणू?"

बाईसाहेबांनी पदर नव्हता म्हणून अंगावरच्या झग्यास हात पुसले, आत गेल्या आणि एक कार्ड आणून त्यांचे पुढ्यात ठेविले. त्यावर बाईसाहेबांचा फोटो होता. वाहन चालविण्याचा परवाना, आणि तोही एकदा मुदत वाढविलेला.

"हे काय?"

"सहकारी संस्थेची मासळीची व्हॅन. सात वर्षं चालवली मी. पहाटे बंदर, मग लिपाचा बाजार, परत. कुया मोहेंगनंच शिकवलं, त्याच्या जीपनीवर. तू कायमचा येणार म्हणून सोडलं काम."

चीफ साहेबांस वाटले की पायाखालची जमीन सरकली, आणि ते तर बसलेले होते. "सात वर्षं? कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्या बावानला. प्रत्येकाला वाटलं, नवऱ्याला माहीत असणारच."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? फोन आला की तू विचारायचास, जेवलीस का. मी म्हणायचे, जेवले. मग फोन कट व्हायचा."

एकतीस वर्षांत किती फोन जाहले असतील याची मोजदाद कोणी ठेविली नाही, आणि प्रत्येकात ती जेवली होती. मग चीफ साहेब म्हणाले, "रविवारी तू चालव."

"चालवीन. पण खोटं मी बोलणार नाही. हात मुरगळला नाही नि पाय मुरगळला नाही. त्यांना काय सांगायचं ते तू सांग."

तिकडून बाईसाहेब कोंबड्या धरावयास गेल्या, आणि चीफ साहेबही गेले. दोन शेजाऱ्याकडून सोडवून आणिल्या.

मग रविवार उजाडला. प्रार्थना आटोपून कबिला फाटकाशी जमला: इनाय सोलेदाद नव्या झग्यात, कुया मोहेंग, त्यांची पत्नी पासिता आणि दोघी नाती. चीफ साहेब इस्त्रीचा सदरा घालून गाडीपाशी आले. डावीकडे सारथ्याचे आसन. ते डावीकडे गेले, दाराच्या कडीस हात लाविला, आणि तेथे किती काळ उभे राहिले हे साक्षीदार वेगवेगळे सांगतात. आमचे मते चार श्वास. मग त्यांनी दार उघडिले आणि म्हणाले, "नोरिंग, बस." आणि आपण गाडीस वळसा घालून उजवीकडे आले.

"काय रे, काय झालं?" कुया मोहेंगनी विचारले.

चीफ साहेब पासिताबाईंकडे न पाहता, नातींकडे न पाहता, थेट मेव्हण्याकडे पाहून बोलले, "मला चालवता येत नाही, कुया. कधीच येत नव्हतं. रॉटरडॅमला मी ट्रकात बसलो होतो. चालवत दुसराच होता."

तोफ डागल्यावर जैसे होते तैसे जाहले. आता इतक्या वर्षांची थट्टा एकदम सुटणार ऐसे सर्वांस वाटले. कुया मोहेंगनी टोपी काढिली, डोके खाजविले, आणि म्हणाले, "बस तर झालं. मलाही पोहता येत नाही. बंदरात जन्मलो, कुणाला सांगू नकोस." नाती ओरडल्या, "आजोबा, आम्ही ऐकलं!" आणि इनाय सोलेदाद म्हणाल्या, "पुरुषांची कबुली उरकली असेल तर निघा. मला भूक लागली."

मग कूच जाहले. लेमेरीवरून वर चढताना रस्ता ऐसा उभा की पुढील मालट्रक आकाशात जातो की काय वाटावे. परंतु बाईसाहेबांनी दुसरा गिअर टाकिला आणि एका हाताने तोंडात चिंचेची गोळी टाकिली. कुया मोहेंग मागून म्हणाले, "हॉर्न दे, हॉर्न दे." बाईसाहेब म्हणाल्या, "कुया, शिकवून झालंय तुझं." चीफ साहेब बायकोचे हात पाहत होते. ते हात त्यांनी मासे साफ करताना पाहिले होते, जपमाळ धरिताना पाहिले होते, विमानतळावर हालताना तर फारच वेळा पाहिले होते. परंतु ऐसे कधी पाहिले नव्हते. वर पोचल्यावर धुके होते, तळे काही दिसले नाही. रस्सा मात्र दोन पातेली संपला.

त्याउपरि तालीम सुरू जाहली. परिवहन कचेरीत शिकाऊ परवान्याचे रांगेत चीफ साहेब सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमध्ये उभे राहिले, आणि बाईसाहेब गुरुपदी बसल्या. त्यांचा अंमल बहुत कडक. "क्लच. सांतो, क्लच! तो ब्रेक आहे. इंजिन तुला समजतं ना? मग त्याला असं मारतोस कशाला?" सहा आठवडे चीफ साहेबांनी मार खाल्ला, दोनदा बोगनवेलीत शिरले, एकदा रागावून पायी घरी आले. आणि मग एके दिवशी नारळीच्या बागेशेजारचे चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, आणि ती तसूभर मागे सरकली नाही. गुरूने शाबासकी दिली नाही, फक्त उद्यापासून बाजारास जाऊ म्हणून आज्ञा केली.

आता फत्तेचा लेख. ऑक्टोबरची सतरावी तारीख, शनिवार, तिसरा प्रहर, आकाश निरभ्र. चीफ साहेब, परवानाधारक, बाईसाहेबांस घेऊन माबिनीच्या किनारी गेले, तेथे भाजलेली मासळी भक्षण केली आणि परत निघाले. वळणावळणाचा रस्ता, एके बाजूस समुद्र. चौथे वळणावर बाईसाहेब काही सूचना करतील म्हणून चीफ साहेब वाट पाहत राहिले. सूचना आली नाही. पाहतात तो बाईसाहेबांची मान कलली होती, तोंड किंचित उघडे होते, आणि बारीक घोरणे ऐकू येत होते. ज्या बाईने एकतीस वर्षे दार, गॅस आणि छप्पर पुन्हा पुन्हा तपासून मगच डोळे मिटले, तिला चालत्या गाडीत, दिवसाउजेडी, दुसऱ्याच्या भरवशावर झोप लागली.

चीफ साहेबांनी रेडिओ बंद केला. खड्डे चुकवू लागले. बावानची वेस आली, घराचे फाटक आले, फाटक उघडे होते. परंतु ते थांबले नाहीत. बंदरावरून, चर्चवरून, बाजारावरून पहिल्या गिअरात त्यांनी गावास आणखी तीन प्रदक्षिणा घातल्या. मासळीवाल्यांनी हाका मारिल्या, त्यांस तोंडावर बोट ठेवून गप्प केले. येणेप्रमाणे पांढरी गाडी सर जाहली. लेखनसीमा.