घरातलं बोलणं

भागिनाथला माइकवर ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हटलेलं चालत नसे. इंटरकॉम तपासायला तुम्ही विमानात बसलात, हेडफोन कानाला लावला आणि आकडे मोजायला लागलात, की शेजारच्या सीटवरून तो थंडपणे सांगायचा, “येत नाय.”

येत असायचं. चांगलं खणखणीत येत असायचं. पण त्याचं म्हणणं, आकडे मोजताना माणूस एका पट्टीत बोलतो, त्यावरून मशीन काय कळणार? “खरं कायतरी बोला साहेब. खऱ्या बोलण्यात आवाज खाली-वर व्हतो. खाली गेला की तुटतो का, वर गेला की फाटतो का, तवा कळतं.” यात तथ्य किती आणि भोचकपणा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं हँगर म्हणजे शहराबाहेर, विमानतळाच्या कडेला उभी केलेली पत्र्याची भट्टी. आत दोन सीटची चार-पाच विमानं. मुंबई-पुण्याची पोरं इथं येतात आणि विमान व बापाचे पैसे एकदमच उडवायला शिकतात. या विमानांचे रेडिओ आणि इंटरकॉम बसवायचं काम बावीस वर्षं भागिनाथकडं होतं. तो वैजापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. आयटीआय करून इथं लागला. विमान तपासून सही करायला लायसन लागतं, त्याची परीक्षा इंग्रजीत, तेव्हा ते दार त्याला बंदच राहिलं. लायसन माझ्याकडं होतं. म्हणजे वायर तो ओढायचा आणि कागदावर सही मी करायचो. या देशात बरीच कामं अशीच चालतात, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

त्याच्या हाताला मात्र तोड नव्हती. बाजारात प्लॅस्टिकच्या पट्ट्या मिळतात, वायरींचा जुडगा त्यात आवळला की काम झालं. याला त्या पट्ट्या बघून शिसारी यायची. मेण लावलेला दोरा घेऊन तो वीत-वीतभर अंतरावर गाठ मारत जायचा. मी घाई केली की म्हणायचा, “वायर मेंढरासारखी असती साहेब. मोकळी सोडली की कुठंतरी जाऊन घासती, अन् मरती.” टॉवरशी बोलायच्या रेडिओला तो ‘बाहेरचं बोलणं’ म्हणे आणि दोन सीटमधल्या इंटरकॉमला ‘घरातलं बोलणं’. जीव सगळा घरातल्यावर. “बाहेरचं बिघडलं तर टॉवरवाले लाइट दाखवतेत. घरातलं बिघडल्यावर कोण दाखवणार?” हे तो प्रत्येक नव्या वैमानिकाला ऐकवायचा आणि प्रत्येक नवा वैमानिक माझ्याकडं बघून हसायचा.

तर, खरं बोलायचं. आमचे इंजिनवाले जब्बारभाई एकदा माइक हातात धरून बराच वेळ बसले. “क्या बोलूँ मियाँ? सच बोलूँ तो घर में रोटी नै मिलने की.” शेवटी बोलले. धाकट्या भावाशी सहा वर्षं अबोला आहे आणि चूक आपली होती, असं बोलले. भागिनाथ म्हणाला, “आलं. क्लिअर आलं.” आणि हेडफोन काढून स्क्रू आवळायला लागला. त्या संध्याकाळी जब्बारभाई भावाकडं गेले म्हणतात. भावानं दार उघडलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मॅनेजरसाहेबांनाही त्यानं सोडलं नाही. एकदा ते पाहुण्यांना विमान दाखवत होते, तेवढ्यात यानं त्यांना आत बसवलं. साहेब म्हणाले, वन टू थ्री. “येत नाय.” पुन्हा म्हणाले. “नाय येत.” चौथ्या वेळेला साहेब चिडले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं की, इथं कशाला आलो मी, मालक माझा फोनसुद्धा उचलत नाही. “आलं,” भागिनाथ म्हणाला. पाहुणे बाहेर उभे होते, विमानाचं दार उघडं होतं. साहेबांनी त्या दिवसापासून त्याच्यावर डूख धरला.

मी? मीही बोललोय. दोनेक वर्षांपूर्वी, दुपारी, पत्रा तापलेला असताना. बायकोचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं, आठवड्यातून दोनदा. मी म्हणालो होतो, “भागिनाथ, माझ्याकडं या सहीशिवाय काही नाही. उद्या सहीचा अधिकार गेला, तर तिला दवाखान्यात कशाच्या जोरावर नेऊ?” तो म्हणाला, “येतंय. पुढं?” पुढं काही नव्हतं. मला हलकं वाटलं, हे कबूल करतो. त्याची बोलायची पाळी आली, तेव्हा थोरल्या भावाची मेंढरं सध्या गंगापूरकडं कुणाच्या रानात बसलीत, असलं काहीतरी तो सांगत होता. मी दोन वाक्यं ऐकली आणि “आलं, आलं” म्हणून हेडफोन उतरवला. आम्ही सगळे असंच करायचो.

या उन्हाळ्यात एका विमानाचा रेडिओ आणि इंटरकॉम नव्यानं बसवायचा होता. भागिनाथनं काम संपवलं आणि तो दुसऱ्या विमानाकडं गेला. मी तपासायला बसलो. हेडफोन खुपसायचं एक सॉकेट मला जरा हलतंय असं वाटलं. त्याला हाक मारायची, तर मी स्वतःच ते खोललं. त्या सॉकेटचा आणि पत्र्याचा स्पर्श होऊ नये म्हणून दोन बाजूंना फायबरचे दोन वॉशर असतात. हरवू नयेत म्हणून ते मी शर्टाच्या खिशात टाकले, सॉकेट आवळलं आणि सही केली. वॉशर खिशातच राहिले. वॉशर नसले, तरी इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ येतो. इंजिन चालू झालं की कानात शिट्टी वाजायला लागते, आणि इंजिन जितकं जोरात, तितकी शिट्टी जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विमान उतरताना टॉवरनं सांगितलं, उतरू नका, धावपट्टीवर दुसरं विमान आहे. त्या शिट्टीत शिकणाऱ्या पोराला अर्धंच ऐकू गेलं. शेजारी बसून शिकवणाऱ्या कॅप्टननं धावपट्टीवरचं विमान पाहिलं आणि शेवटच्या क्षणी आपलं वर ओढलं. कुणाला खरचटलंही नाही. पण दुपारी पॅनेल उघडलं, सॉकेटला वॉशर नाहीत हे दिसलं, आणि मॅनेजरसाहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

भागिनाथनं ते सॉकेट पाहिलं तेव्हाच त्याला कळलं असणार. वॉशर विसरणारा माणूस तो नव्हेच, आणि त्याच्यानंतर त्याला हात लावणारा मी एकटाच. वॉशर घरी, कालच्या शर्टात होते. केबिनमध्ये शिरताना मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. अगदी खरं सांगतो, ठरवलं होतं.

“हे कुणाचं काम?” साहेबांनी विचारलं.

मी घसा खाकरला. तेवढ्यात तो म्हणाला, “म्या केलं. ह्या सायबांनी सही केल्यावर एक सॉकेट हलतंय असं वाटलं, म्हणून परत खोललं. वॉशर राह्यले.”

“सही झाल्यावर हात लावलास?”

“व्हय.”

“यांना न विचारता?”

“व्हय.”

एका पट्टीत बोलत होता तो. तपासलेल्या विमानाला सहीनंतर हात लावणं म्हणजे आमच्याकडं थेट घरी जाणं. साहेबांना तर केव्हापासून निमित्त हवं होतं. त्यांनी तिथंच त्याला कामावरून काढल्याचा कागद लिहायला घेतला. लिहायला त्यांना चांगली दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांत माणूस पुष्कळ काही बोलू शकतो. मग कागद साक्षीदाराच्या सहीसाठी माझ्यापुढं सरकला आणि मी सही केली. सवयीचंच काम ते.

फाटकापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. त्याच्या हातात डब्याची पिशवी होती आणि मेणाच्या दोऱ्याचं रीळ. ते त्यानं स्वतःच्या पैशानं आणलेलं होतं.

“का रे असं केलंस?” मी विचारलं. विचारताना माझी मलाच लाज वाटली.

“वैनींचं तुम्ही बोलला व्हता ना,” तो म्हणाला. “मला काय, कुठंबी पोट भरंल.”

“उद्या मी साहेबांना सांगतो सगळं.”

“नगं. उगा दोघंबी जाताल.” त्यानं रस्त्याकडं पाहिलं. एसटी दिसत नव्हती. “वैनींना दवाखान्यात कवा न्यायचंय?”

“आजच. पाच वाजता.”

“मग हितं काय करायलाव? जावा की.”

मी गेलो. सिडकोतल्या घरापर्यंतच्या प्रत्येक सिग्नलला स्वतःला शिव्या दिल्या आणि पाचच्या आत बायकोला दवाखान्यात पोचवलं. या गोष्टीला आता तीन महिने झाले. साहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि आता सांगणार नाही हे मला कळून चुकलंय. तिला मात्र त्याच रात्री सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “त्याच्या घरी कोण कोण असतं?”

मला माहीत नव्हतं.