सागऱ्याची नावं

सागऱ्याला कुणाचंही नाव सांगितलं की त्याचा पहिला प्रश्न असतो, "हाय का गेलाय?"

यात त्याचा दोष नाही. त्याच्या मामाचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि कॉलेज सुटलं की सागऱ्या तिथं वाढदिवस आणि श्रद्धांजली अशी दोनच प्रकारची कामं करतो. फोटो तोच, गॉगल तोच, फक्त रंग बदलतो.

आम्ही वर्गातल्या पोरांनी मिळून भुताची फिल्म काढली. बंद पडलेल्या गुऱ्हाळात फिरणारी बाई, एवढीच गोष्ट. टायटल्सचं काम अर्थातच सागऱ्याकडं. दिग्दर्शक इम्रानला अक्षरांतून रक्त टपकायला हवं होतं.

"रक्त कशाला?" सागऱ्या म्हणाला. "माणसाचं नाव काळ्यावर पांढरं लिवलं की आपोआप भ्या वाटतंय."

वाटलंच. माझं नाव अंधारातून वर आलं, जरा थांबलं आणि विझलं. आईला दाखवलं तर तिनं मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. आमचा हिरो चिडून म्हणाला, "हार तेवढा घालायचा ऱ्हायलाय!"

सागऱ्यानं गंभीरपणे विचारलं, "घालू?"

शेवटी इम्रानच्या हट्टापुढं त्यानं सगळी नावं लाल केली, रक्तही टपकवलं. शेवटची एकच ओळ पांढरी ठेवली : 'भुताचा आवाज – संगीता'.

"ही कोण?" इम्रान म्हणाला. "आवाज नेटवरनं घेतला म्हणालतास की."

सागऱ्या माऊस उगाच इकडंतिकडं फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई हाय."

त्याची आई मागच्या वर्षी गेली. आम्ही सगळे मातीला गेलतो, पण तिचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. आमच्यासाठी ती नुसती काकू. सागऱ्याच्या फोनमध्ये तिचा एक व्हॉइस मेसेज राहिला होता, 'जेवलास का रं? कवा येतोस?' तोच त्यानं उलटा फिरवून, संथ करून गुऱ्हाळातल्या बाईला दिला होता.

"आईला भूत केलंस व्हय रं?" इम्रानचा आवाज एकदम खाली आला.

"घरात एकटाच ऐकतोय. फिल्म बघाय हॉलमधी चार माणसं तरी असत्यात."

ओळ कुणी बदलली नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. तो आवाज आला तशा मागच्या पोरी किंचाळल्या. सागऱ्या पुढं वाकून ऐकत होता. फिल्म संपली, नावं सुरू झाली आणि नेहमीसारख्या खुर्च्या वाजल्या, सगळे दाराकडं निघाले.

दारात सागऱ्या दोन्ही हात पसरून उभा होता.

"थांबा की जरा," तो एकेकाला म्हणत होता, "एक नाव ऱ्हायलंय अजून."