चिंच शेवटी, पण झोकात काढा!

"बघाच तुम्ही, या बागेनं मी पालममध्ये नाव काढणार!" असं मी आमच्या ह्यांना ठणकावून सांगितलं होतं. का नाही सांगणार? कॉलनीमागच्या झाडीत बाग करायची ठरली आणि आराखडा आला माझ्याकडे! सावलीत भारूड-भजनाला कट्टा, बायकांना बसायला ओटा, पोरांना रंगवायला भिंत! समितीचे अध्यक्ष किशनराव काका यांनी तर पाटीच रंगवून घेतली : 'बागेची कल्पना : सौ. मंजुषा'. त्या पाटीवरून मी दिवसातून चारदा कोथिंबीर आणायला जायची!

बागेचा जीव म्हणजे मधली चिंच. आमचा तीन वर्षांचा आदिनाथ तिला 'माजी चिंच' म्हणतो. पोराच्या पायात काटा मोडेल या धास्तीनं मी आधी वेड्या बाभळी तोडायला लावल्या. लाकूड कापायच्या मशीनवाले गोपीचंदभाऊ आले. मग त्यांनाच टेप धरायला चित्रकलेच्या प्रियदर्शनी मॅडमच्या हाताखाली दिलं. नकाशा मॅडमकडे होता.

मंगळवारी अकराला बाग मंजूर करायला परभणीहून साहेब येणार. सोमवारी संध्याकाळी बघते तर काय, नकाशात एक झाड नाही! आदिनाथला वरणभात भरवता भरवता मी मॅडमसाठी म्हणून बागेच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "उद्या अकराच्या आत सगळी झाडं काढा! एक सोडू नका! चिंच शेवटी, पण झोकात काढा!"

सकाळी नऊला फोन.

"ताई, गोपीचंद बोलायलोय. चार झाडं काढली!"

"अगबाई, इतक्यात? कशी दिसायलीत?"

"आता कशाची दिसत्यात!"

"मग जरा ठळक काढा ना!"

"मुळासकट काढू का?"

"मुळं कशाला? बुंधा आणि वरचा पसारा काढला की बास!"

"तसंच करायलोय. चिंच घेतोच आता."

आणि मागून आवाज आला, घर्रर्रर्र! पेन्सिल घर्रर्र करत नाही, हे कळायला मला पुरते पाच सेकंद लागले!

आदिनाथला काखोटीला मारलं आणि पळाले. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची! बघते तर चार सुबाभळी आडव्या आणि चिंचेला दोर बांधलेला! मी गेले ती चिंचेला मिठीच मारली. पलीकडून आदिनाथनं मारली. "माजी चिंच!" अशी आरोळी ठोकली की मशीनच बंद पडली!

बाजाराला निघालेल्या धुरपताबाई थबकल्या. "अगं पोरी, पुनवंला वड धरत्यात, चिंच न्हाई! अन् आज तर पुनव बी न्हाई!"

"भाऊ, झाडं का तोडली?" मी किंचाळले.

"तुमीच म्हनलात की!" भाऊंनी मोबाइल फुल्ल आवाजात लावला. अख्ख्या कॉलनीत माझाच गोड गळा, 'झोकात काढा!'

"अहो, नकाशात काढा!"

"नकाशातली काढायला तिथं होती कुठं, ताई?"

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, मागून किशनराव काका. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "साहेब, ही मोकळी जागा माझी कल्पना नाही! माझा काडीचाही संबंध नाही! काका, तुम्ही साक्षीला!"

साहेब शांतपणे एका ओंडक्यावर बसले. चिंचेकडे बघितलं. मोकळ्या जागेकडे बघितलं. "वा! चिंचेखाली रंगमंच, पुढं अंगण, बसायला ओंडके! लोक जमणार कुठं, हा नकाशातला घोळच मिटला. कुणाला सुचलं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गोपीचंदभाऊंकडे. भाऊ लाजून मशीनमागं दडले.

बाग मंजूर! चिंच शाबूत! मी आणि आदिनाथ तिच्याभोवती नाचलो, धुरपताबाईंनी पिशवी ठेवून टाळ्या पिटल्या!

संध्याकाळी किशनराव काका दारात. "मंजुषा, तुझं नाव काढलं बरं का!"

मी ओढणी सारखी केली. "काहीतरीच काय काका, मी कुठं एवढं..."

"अगं, पाटीवरनं! तूच म्हनलीस ना, संबंध न्हाई म्हणून? गोपीचंदचं टाकलं."

काका गेले आणि हे कामावरून आले. चपला काढता काढताच विचारलं, "काय मग, काढलं का नाव?"

"काढलं की!" मी म्हणाले.

खोटं थोडंच बोलले?