फाटक लावू का, बाई?

रूथबाई बोलायले लागल्या की त्यांचं वय एकदम शंभराच्या वर जाते.

"आम्ही बैलगाडीतून आलो ना, तेव्हा इथं नुसत्या बाभळी होत्या," त्या भाजीवाल्या काकूले सांगून राहिल्या होत्या.

काकूचा तराजू हवेतच थांबला. "तुमी आल्या, बाई? का तुमची आजी?"

"आम्हीच गं! पुढच्या गाडीत मिससाहेब, मागच्या गाडीत हार्मोनियम."

"माय वो! मंग वांगे तसेच न्या. आशीर्वाद द्या फक्त."

बैलगाडी खरी आहे. मिससाहेबही खऱ्या. त्यांनी अमरावतीत मिशनची मुलींची शाळा काढली, तेव्हा रूथबाईंच्या आजीचाही पत्ता नसंन. पण बाई लहानपणी नांदगाव खंडेश्वरकडून या शाळेच्या बोर्डिंगात आल्या, तिथंच शिकल्या, तिथंच शिवण अन् गाणं शिकवलं, तिथूनच रिटायर झाल्या. मधात लग्न नाही, नातेवाईक नाही. म्हणून शाळेचं जे झालं ते सगळं 'आम्ही'. दुष्काळात कण्या आम्ही खाल्ल्या. पोरींले पहिली सायकल आम्ही शिकवली, अन् ते पाहायले गावातले माणसं झाडावर चढले, तेही आम्ही पाहिलं.

दुसरी सवय म्हणजे, कोणतीही बाई दिसली की रूथबाई विचारणार, "कोणत्या बॅचची गं तू?" मीटर पाहायले आलेली असो का राजापेठ चौकातली पोलीसबाई असो. एकदा त्या पोलीसबाईनं घाबरून स्वतःच्या ट्रेनिंगची बॅच सांगितली.

बाईंची नक्कल मी लय भारी करते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हनुवटी वर, अन् बोटात न दिसणारी सुई. "टाका बारीक घाल गं, पोत्याचं तोंड शिवतेस का?" मी हे अंगणात म्हटलं की आई आतून ओरडते, "बाई, चहा टाकू का?"

बाईंचं घर आमच्या समोरच. अन् फाटक चोवीस तास उघडं, विटेनं अडकवलेलं. शेजारच्या वानखडे काकांची गाय आत जाऊन शेवंती खाऊन येते. आई म्हणते, "बाई, फाटक लावत जा न वो!"

"आमच्याकडे फाटक आतून लावत नाहीत."

याच्यामागं शाळेची रीत आहे. मिससाहेबांच्या काळात एक पोरगी बोर्डिंगातून पळाली. मिससाहेब फाटक उघडं ठेवून पायरीवर बसल्या. पहाटे पोरगी परत आली. "रागावलो नाही आम्ही," बाई सांगतात, "आधी जेवू घातलं." तेव्हापासून दहावीच्या निरोपाच्या दिवशी पोरी फाटकाबाहेर पडल्या की सगळ्यात शेवटची वळून विचारायची, "फाटक लावू का, बाई?" अन् पायरीवरून बाई म्हणायच्या, "राहू दे. येणारी येईल."

शेवटची व्हायले पोट्ट्या संडासात लपून बसत. आमच्या बॅचची शेवटची मी. मी हुशारी केली, बाईंच्याच आवाजात विचारलं. सारी शाळा हसली. बाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा. अन् माझ्या आवाजात, माझ्यासारखी मान हलवून म्हणतात कशा, "राहू दे न वो! येणारी येईन!"

तवा समजलं, नकलेत माझा गुरू कोण आहे.

आता शाळेत पोट्टेही आहेत, नवी इमारत आहे, आपोआप सरकणारं गेट आहे. ती रीत गेली. मागं बाई सहज पाहायले गेल्या तर नव्या वॉचमननं अडवलं. बाईंनी सांगितलं, "आम्ही बैलगाडीतून आलो." तो म्हणे, "गाडी बाहेर लावा."

हे सांगताना मी पोट धरून हसायची. बाईही हसायच्या. पण त्या परत तिकडे गेल्या नाहीत. नाताळात मात्र माजी विद्यार्थिनींसाठी डबाभर करंज्या करतात अन् पायरीवर खुर्ची टाकून बसतात. पोरी फोनवर हॅप्पी ख्रिसमस पाठवतात. सगळ्या बॅचेसच्या वतीनं करंज्या मीच खाते.

यंदा मले पुण्यात नोकरी लागली. संध्याकाळची ट्रॅव्हल्स होती. दादा स्कूटीवर बॅग घेऊन हॉर्न वाजवून राहिला होता. बाईंनी करंज्या बांधून दिल्या, पायरीपर्यंत आल्या. मी फाटकापाशी वळली. चष्मा नाही, तरी नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवलं, अन् त्यांच्याच आवाजात विचारलं, "फाटक लावू का, बाई?"

बाईंनी मान हलवली.

"लाव. आता कोण येऊन राहिलं?"

मले वाटलं, माझी नक्कल करून राहिल्या. मी हसली. बाई हसल्या नाहीत.

वीट सरकून फाटक थोडं मिटलं होतं. मी ते ढकलून पुरं उघडलं, वीट पायानं घट्ट सरकवली अन् स्कूटीवर बसली.

कोपऱ्यावरून मागं पाहिलं. वानखडे काकांची गाय आरामात आत शिरून राहिली होती. बाई पायरी उतरल्या. वाटलं, आता हाकलतील. पण त्यांनी तिच्या मानेवर हात ठेवला. आवाज आला नाही मले, पण ओठ तर मी पाठच केले आहेत.

"कोणत्या बॅचची गं तू?"