अण्णांची दोन मनगटं

आमच्या मारतहळ्ळीच्या सोसायटीत अण्णांबरोबर लिफ्टमध्ये शिरणं म्हणजे तोंडी परीक्षाच. दार बंद झालं की दोन्ही मनगटं माझ्या नाकाखाली. "स्वल्प वास घे बघू. महागाचं कुठलं?"

अण्णा माझे शेजारी, सरकारी कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात, त्यामुळे मराठीला कानडीची फोडणी. उजव्या मनगटावर मुलानं आखातातून आईसाठी पाठवलेलं ऊदाचं अत्तर, डाव्यावर इथल्याच, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या गल्लीतलं स्वस्तातलं. मी हमखास डावं दाखवायचो. "सरी, सरी," असं कानडीतलं 'बरं, बरं' म्हणत अण्णा प्रमोशन मिळाल्यासारखे खूश. मला वाटे, म्हातारा चिक्कू आहे, दुसरं काय.

महागाची बाटली अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मखमली डबीसकट कपाटात ठेवून दिली होती. अण्णा त्यातला थेंब चोरून घ्यायचे. "एवढं भारी रोज कशाला? कार्यप्रसंगाला होईल," हे अक्कांचं ठरलेलं. "हिचा लग्नातला शालू असाच कार्याची वाट बघत घडीवर विरला रे," अण्णा एकदा म्हणाले होते.

एका रविवारी विरजण मागायला गेलो. अक्का देवळात गेलेल्या. अण्णा ओट्याशी ड्रॉपर घेऊन उभे. महागाचं अत्तर स्वस्ताच्या बाटलीत चाललं होतं आणि स्वस्तातलं महागाच्या.

"लिफ्टमध्ये कुणाला फरक कळला नाही, मग हिला कुठला कळतोय? आता लावेल रोज. तू मात्र गप्प बसायचं."

आणि अक्का खरंच रोज लावायला लागल्या. भाजी आणायला निघाल्या तरी जिना दरवळायचा.

अण्णा गेले त्याला आता वर्ष झालं. लिफ्टमध्ये शिरलं की अजून नाक आपोआप पुढे होतं माझं. फार आठवतात ते.

परवा अक्कांनी चहाला बोलावलं. भाचीच्या लग्नासाठी त्यांनी अखेर ती मखमली डबी उघडली होती. माझ्यापुढे मनगट धरून म्हणाल्या, "बघ रे. एवढं महागाचं, पण दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. ह्यांनी आणलेल्याचा वास रात्री उशीला यायचा. पारख होती हो ह्यांना."

शिवाजीनगरची रिकामी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. "तेवढं हेच आणून देशील? आता मला दुसरं नको वाटतं."

"सरी, अक्का," म्हटलं आणि उठलो.

घरी येऊन आधी त्यांच्या मुलाला आखातात फोन लावला. अत्तर तो पाठवतोय. बाटली माझ्याकडे आहेच.