महाराणीचं खरं नाव

महाराणी घरात आली ती एक टोपली, एक मळकी उशी आणि चार पानांची फाइल घेऊन. मांजरांना सहसा फाइल नसते. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या ताईंनी ती बाबांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाल्या, "पंधरा दिवस ठेवून बघा. जमलं तर शेवटच्या पानावर सही करा. नाही जमलं तर मी येऊन नेईन. सवय आहे तिला."

"कसली सवय?" भिंगरीने विचारलं.

"परत यायची. तीन घरं झाली."

भिंगरी ही या घरातली एकुलती एक लेक, इयत्ता नववी. चौथं घर हेच शेवटचं, हे तिने उभ्या उभ्या ठरवून टाकलं. बाबांनी काहीच ठरवलं नाही, कारण ते फाइल वाचत होते. 'बोचकारते. लपून बसते. नावाने हाक मारली तर ढुंकूनही बघत नाही.'

"अगं, हे मांजर आहे की तुझा भाऊ?" त्यांनी आईला विचारलं.

महाराणी तडक फ्रिजमागे गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली. भिंगरी फरशीवर पालथी पडून "ये गं महाराणी, ये गं सोन्या" करत राहिली. फ्रिजमागून फक्त फ्रिजचाच आवाज येत होता.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर. पांढऱ्या कागदावर तिळाएवढे स्क्रू रांगेत मांडलेले असत आणि त्या खोलीत शिंकायची परवानगी नव्हती. तिसऱ्या दिवशी फ्रिजमागून दोन कान बाहेर आले. बाबा भिंगातून डोळा न काढता म्हणाले, "इकडे येऊ नको हं."

महाराणी आली. खुर्ची, खिडकी, टेबल. सोळा स्क्रू सोळा दिशांना गेले.

"उतर. शेपूट हलवू नको."

महाराणी आणखी जवळ सरकली. बाबांनी तिला उचलायला हात घातला आणि मनगटावर तीन समांतर रेघा उमटल्या. क्षणात ती पुन्हा फ्रिजमागे.

मग रोज तेच. आईने "दुधात तोंड घालू नको" म्हणायचा अवकाश, ही ओट्यावर हजर. बाबांना भात वाढताना ते "आता नको" म्हणाले, तर ही ताटाशेजारी येऊन त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसली.

"उलट्या डोक्याची आहे," आई म्हणाली. "ये म्हटलं की येत नाही, येऊ नको म्हटलं की धावत येते. अगदी भिंगरीवर गेलीय."

"मग आपणही उलटं बोलू," भिंगरी म्हणाली. बाबांची सही मिळवायची तर आधी स्क्रू वाचायला हवे होते.

त्या दिवसापासून घरात 'नको'ला बंदी झाली. "चढ, टेबलावर चढ," बाबा फ्रिजकडे बघून म्हणायचे. "सांड बाई, सगळं दूध सांड," आई प्रेमाने सांगायची. घड्याळ न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने हे ऐकलं आणि उरलेले पैसेही न घेता ते निघून गेलं. पण उपाय लागू पडला. स्क्रू जागेवर राहिले, दूध पातेल्यात राहिलं आणि महाराणी फ्रिजमागे राहिली.

ती राहिलीच. आधी कान दिसायचे, तेही दिसेनासे झाले. तेराव्या दिवशी तिची वाटी भरलेली तशीच. चौदाव्याही दिवशी. भिंगरीनेही ताट अर्धवट सोडलं.

पंधराव्या दिवशी ताई टोपली घेऊन आल्या. वाकून फ्रिजमागे पाहिलं, वाटी पाहिली, सुस्कारा टाकला. "खात नसेल तर हट्ट करण्यात अर्थ नाही गं बाळा," त्या भिंगरीला म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. "नेऊ ना मग?"

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी भरलेल्या वाटीकडे पाहिलं. मग टेबलाकडे, जिथे सगळे स्क्रू शिस्तीत होते. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"नको," ते म्हणाले.

फ्रिजमागे काहीतरी खसपसलं. मिशांना जळमटं लागलेली महाराणी बाहेर आली, टोपलीला वळसा घालून बाबांच्या पायाशी बसली आणि वर बघू लागली. 'ओ' दिल्यासारखं म्याँव केलं.

ताईंच्या हातातून टोपलीचं झाकण पडलं. "त्या तीन घरांआधी दोन वर्षं पिंजऱ्यात होती. येणारा प्रत्येक जण समोर थांबायचा आणि म्हणायचा, 'ही नको.' रोज. दुसरं काही कुणी म्हणतच नव्हतं तिला."

"म्हणजे उलट्या डोक्याची नव्हतीच ती," भिंगरी हळूच म्हणाली. "आपण हाक मारत होतो. ती येत होती."

आईने उगीचच स्वच्छ ओटा पुसायला घेतला.

बाबांनी फाइलीत 'महाराणी' खोडून खरं नाव लिहिलं आणि खाली सही केली. ताईंनी पान वाचलं. "नाव, नको. मांजर कायमचं हवं आहे का, हो. ऑफिसात मला वेड्यात काढणार."

आता 'नको' बाबांच्या मांडीवर झोपते. परवाही झोपली होती. टेबलावर सोळा स्क्रू रांगेत होते. तेवढ्यात भिंगरी दारात आली.

"बाबा, मैत्रिणींबरोबर दोन दिवस सहलीला जाऊ?"

बाबांनी तोंड उघडलं. मांडीकडे पाहिलं. स्क्रूंकडे पाहिलं. तोंड मिटलं.

"जा," ते म्हणाले.

'नाही' असाही एक शब्द असतो, हे भिंगरीने त्यांना अजून सांगितलेलं नाही.